चर्चच्या वाटेने वॉशिंग्टनला

व्हीटन, इलिनॉय

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

शिकागोहून पश्चिमेला जाणारी लोकल तासाभरात व्हीटनला पोचते. स्टेशनातून पायी निघाले की थोड्याच वेळात चुनखडीच्या दगडात बांधलेली, मनोऱ्याची एक जुनी इमारत समोर येते. तिचे नाव ब्लँचर्ड हॉल. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती समाजात व्हीटन कॉलेजचा मान मोठा. धर्मोपदेशक बिली ग्रॅहॅम १९४३ मध्ये इथलेच पदवीधर झाले. बायबल हा अखेरचा अधिकार, येशूला शरण गेल्यावर माणसाचा नवा जन्म होतो ही खात्री आणि ही वार्ता दुसऱ्यापर्यंत पोचवण्याची ओढ, हे या प्रोटेस्टंट मंडळींचे विशेष. आज मात्र बाहेरचे जग त्यांना ओळखते ते त्यांच्या मतांवरून. २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहातल्या सुमारे आठ जणांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. रिपब्लिकन पक्षाच्या एकगठ्ठा मतांचा हा सर्वांत मोठा साठा.

हे नाते पहिल्यापासूनचे असेल असे वाटते; तसे ते नाही. ही इमारत ज्यांच्या नावाने उभी आहे ते जोनाथन ब्लँचर्ड कॉलेजचे पहिले अध्यक्ष आणि गुलामगिरीचे कट्टर वैरी होते. १८६० मध्ये कॉलेज सुरू झाले त्या काळात दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना इथे आसरा मिळत असे. शिकागोच्या उत्तरेला एव्हन्स्टनमध्ये फ्रान्सेस विलर्ड यांचे घर जपून ठेवले आहे. दारूबंदीसाठी झगडणाऱ्या ख्रिस्ती महिलांच्या संघटनेच्या त्या १८७९ पासून अखेरपर्यंत अध्यक्ष होत्या. स्त्रियांना मताधिकार आणि कामगारांना आठ तासांचा दिवस या मागण्याही त्यांनी धर्मश्रद्धेच्याच बळावर लावून धरल्या. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत आल्या तेव्हा विलर्डबाईंशी त्यांचा स्नेह जुळला आणि त्या या संघटनेच्या कामात सामील झाल्या. आपल्या नगरला शाळा काढणारे आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू करणारे अमेरिकन मिशनरीही त्या शतकातल्या अशाच धर्मजागृतीतून तयार झालेले.

त्याच काळात दक्षिणेत उलटे घडत होते. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावे की नाही, या वादातून १८४५ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे सदर्न बाप्टिस्ट वेगळे झाले. बायबल उत्तरेचे आणि दक्षिणेचे एकच होते. चर्च इथल्या राजकारणात सुरुवातीपासून आहे, पण एकाच पक्षाशी त्याची गाठ कोणी, कधी आणि कशासाठी मारली, हे समजून घ्यायला या प्रवासाची वाट आखली आहे.

डेटन, टेनेसी

ती. आप्पा, सा. न.

डेटन हे डोंगराच्या कुशीतले छोटे गाव. मध्यभागी लाल विटांचे जिल्हा न्यायालय आणि त्याच्या हिरवळीवर दोन पुतळे. एक विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचा, २००५ मध्ये बसवलेला. दुसरा क्लॅरन्स डॅरो यांचा. त्याला २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या कोर्टात न्यायाधीशांचे आसन, लाकडी कठडा आणि प्रेक्षकांच्या जुन्या खुर्च्या तशाच आहेत. जुलै १९२५ मध्ये इथे जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला चालला. शाळेत उत्क्रांतिवाद शिकवायला टेनेसीने बंदी घातली होती आणि स्कोप्सनी ती मोडली, असा आरोप होता. गावातल्या काही पुढाऱ्यांनी औषधाच्या दुकानात बसून हा खटला जुळवून आणला होता, गावाचे नाव व्हावे म्हणून. ते झालेही. शिकागोच्या रेडिओने खटला थेट ऐकवला. गर्दी आणि उकाडा इतका वाढला की एक दिवस कामकाज हिरवळीवर हलवावे लागले. तिथे स्कोप्सचे वकील डॅरो यांनी सरकार पक्षाच्या ब्रायन यांनाच साक्षीला उभे केले आणि बायबलमधल्या चमत्कारांवर प्रश्नांची सरबत्ती केली. स्कोप्सना शंभर डॉलर दंड झाला. निकालानंतर पाचव्या दिवशी, दुपारच्या झोपेत, ब्रायन याच गावात वारले.

ब्रायन तीनदा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, तेही डेमोक्रॅटिक पक्षाकडून. शेतकऱ्यांचे कर्ज, बँकांची मक्तेदारी, स्त्रियांचा मताधिकार हे त्यांचे विषय. १९१५ मध्ये देश युद्धाकडे झुकतो आहे हे दिसल्यावर त्यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडले. ‘बळी तो कान पिळी’ हा न्याय माणसांना लावला तर दुबळ्यांचे काय होईल, ही त्यांची भीतीही पोकळ नव्हती. स्कोप्सच्या वर्गात जे पुस्तक लावलेले होते त्यात गोरा वंश सर्वांत श्रेष्ठ असे छापलेले होते आणि ‘निकृष्ट’ घराण्यांची पैदास थांबवण्याचा पुरस्कारही होता. धर्मनिष्ठ माणूस आर्थिक बाबतीत गरिबांच्या बाजूचा असू शकतो, हे शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेला नवीन नव्हते.

शहरी वर्तमानपत्रांनी मात्र डेटनची यथेच्छ टिंगल केली. तो अपमान पुढच्या पिढ्यांनी विसरला नाही. सनातनी मंडळी राजकारणाच्या दर्शनी भागातून मागे सरली, पण हातावर हात ठेवून बसली नाहीत. त्यांनी स्वतःची बायबल कॉलेजे, छापखाने, रेडिओ कार्यक्रम उभे केले. डेटनच्या टेकडीवर १९३० मध्ये ब्रायन यांच्या नावाचे कॉलेज निघाले, ते आजही चालू आहे. १९४२ मध्ये इव्हँजेलिकलांची राष्ट्रीय संघटना झाली, १९५६ मध्ये ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ हे नियतकालिक. अर्धे शतक शांतपणे विणलेले हे जाळे पुढे राजकारण्यांच्या हाती आयते आले.

लिंचबर्ग, व्हर्जिनिया

ती. आप्पा, सा. न.

लिंचबर्गमध्ये शिरताना डोंगराच्या उतारावर कोरलेली दोन प्रचंड इंग्रजी अक्षरे दिसतात, ‘एल’ आणि ‘यू’. लिबर्टी युनिव्हर्सिटीची ही आद्याक्षरे. ऑनलाइन धरून लाखाहून अधिक विद्यार्थी असलेले हे विद्यापीठ जेरी फॉलवेल या पाळकांनी १९७१ मध्ये काढले. त्याआधी १९५६ मध्ये त्यांनी एका बंद पडलेल्या शीतपेयाच्या कारखान्यात थॉमस रोड बाप्टिस्ट चर्च सुरू केले होते.

विद्यापीठाच्या आवारात कार्टर ग्लास यांचा जुना वाडा आहे. त्यात फॉलवेल यांचे कार्यालय होते आणि जवळच त्यांची कबर आहे. विद्यार्थी, पालक येतात, थांबतात, फोटो काढतात. ग्लास हे व्हर्जिनियाचे पुढारी. १९०२ च्या राज्यघटनेत काळ्या नागरिकांचा मताधिकार काढून घेण्याच्या तरतुदींसाठी सर्वांत जास्त झटले ते हेच. या जागेचा हा इतिहास माहीत असला, की पुढची हकीगत नीट उमगते.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. व्हर्जिनियाने आपल्या काही सरकारी शाळाच बंद केल्या. इथून तासाभरावरच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत तर त्या १९५९ पासून १९६४ पर्यंत बंद होत्या. काळ्या मुलांची पाच वर्षे अशी गेली. मार्च १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा मोर्चा सेल्माहून निघाला, त्याच दिवशी फॉलवेल यांनी व्यासपीठावरून बजावले की पाळकाचे काम आत्मे वाचवण्याचे आहे, राजकारणाचे नाही. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःची खासगी ख्रिस्ती शाळा काढली. स्थानिक वर्तमानपत्राने ती गोऱ्या मुलांसाठीची शाळा असल्याचेच छापले होते.

दक्षिणेत अशा शेकडो शाळा उभ्या राहत होत्या. १९७० पासून आयकर खात्याने धोरण घेतले की वर्णभेद पाळणाऱ्या शाळेला करमाफी नाही. दक्षिण कॅरोलिनातली बॉब जोन्स युनिव्हर्सिटी आंतरवंशीय प्रेमसंबंधांना मनाई करत होती; १९७६ मध्ये तिची करमाफी गेली. १९७८ मध्ये खात्याने खासगी शाळांसाठी आणखी कडक नियमांचा मसुदा काढला तेव्हा सरकारकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला.

वॉशिंग्टनमध्ये पॉल वेरिक नावाचे एक रिपब्लिकन संघटक ही संधी वर्षानुवर्षे हेरत होते. स्वतः कॅथलिक. शाळेतली प्रार्थना, अश्लील साहित्य, गर्भपात असे एकेक विषय घेऊन त्यांनी पाळकांना हाक दिली होती. प्रतिसाद थंड होता. पाळक खडबडून जागे झाले ते शाळांच्या करमाफीला हात लागला तेव्हा, असे वेरिक यांनी नंतर स्वतः सांगितले. इतिहासकार रँडल बाल्मर यांनी हाच धागा पुढे मांडला. काही अभ्यासक स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्ती आणि समलिंगींच्या हक्कांवरची भीती यांनाही तितकेच वजन देतात, आणि ते रास्तच आहे. १९७९ मध्ये वेरिक लिंचबर्गला आले आणि फॉलवेल यांच्या नेतृत्वाखाली ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना जन्माला आली. चौदा वर्षांपूर्वी पाळकांना राजकारणापासून दूर राहा म्हणणारा माणूस आता त्यांना मतदार नोंदणी करा म्हणून सांगत होता.

डॅलस, टेक्सास

ती. आप्पा, सा. न.

गर्भपाताचा प्रश्न या राजकारणाचा कणा कसा झाला, हे डॅलसमध्ये उमजते. ‘रो विरुद्ध वेड’ खटला १९७० मध्ये इथेच दाखल झाला. त्यातले वेड म्हणजे डॅलस काउंटीचे सरकारी वकील. त्याच शहराच्या मध्यभागी फर्स्ट बाप्टिस्ट चर्च आहे, सदर्न बाप्टिस्टांचा सर्वांत नावाजलेला बालेकिल्ला. त्याचे १८९० चे लाल विटांचे उपासना मंदिर जुलै २०२४ मध्ये आगीत जळाले. बाजूच्या नव्या, भव्य सभागृहात उपासना चालू आहे. प्रचंड पडदे, वाद्यवृंद, शेकडो आवाजांत उठणारी गाणी. शेजारी बसलेली माणसे अगत्याने हात मिळवतात, कुठून आलात विचारतात, आजारी नातेवाइकासाठी प्रार्थना करू का म्हणतात. हा आपलेपणा खरा आहे. तो लक्षात घेतल्याशिवाय या चळवळीचे बळ कळायचे नाही.

इथले पाळक डब्ल्यू. ए. क्रिसवेल यांनी १९६० मध्ये जॉन केनेडी यांना कडाडून विरोध केला होता, ते कॅथलिक म्हणून. पोपच्या हुकमतीत वावरणारा माणूस राष्ट्राध्यक्ष नको, हे तेव्हाच्या बाप्टिस्टांचे सर्वसाधारण मत. गर्भपात हा त्या काळी कॅथलिकांचा विषय समजला जाई. १९७१ मध्ये सदर्न बाप्टिस्टांच्या अधिवेशनाने ठराव केला तो असा, की बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक-मानसिक प्रकृतीला धोका असेल तर कायद्याने गर्भपाताला मुभा द्यावी. १९७३ मध्ये ‘रो’ खटल्याचा निकाल गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने लागला तेव्हा क्रिसवेल यांनीही त्याचे स्वागतच केले. जन्मल्यानंतरच मूल स्वतंत्र व्यक्ती होते, असे त्यांचे तेव्हाचे मत होते.

पुढच्या सहा-सात वर्षांत सगळे फिरले. गर्भपातांचे आकडे वाढले, तशी सामान्य भाविकांची अस्वस्थताही वाढली. फ्रान्सिस शेफर या विचारवंतांनी बालशल्यविशारद एव्हरेट कूप यांच्यासह १९७९ मध्ये काढलेला चित्रपट अनेक चर्चमधून दाखवला गेला. त्याच वर्षी ह्यूस्टनच्या अधिवेशनात सदर्न बाप्टिस्टांची सूत्रे सनातनी गटाकडे गेली. या भाविकांच्या भावनेवर शंका घेण्याचे कारण नाही. न जन्मलेले मूल हा त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या काळजाचा प्रश्न आहे. शाळांच्या करमाफीवर देशभर मते मागता आली नसती. या प्रश्नावर ती मागता आली.

ऑगस्ट १९८० मध्ये इथल्या रीयुनियन अरीनात हजारो पाळक आणि भाविक जमले. व्यासपीठावर रोनाल्ड रेगन आले आणि म्हणाले, तुम्हाला मला पाठिंबा जाहीर करता येत नाही हे मी जाणतो, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. त्या एका वाक्याने सभा जिंकली. समोरचे उमेदवार जिमी कार्टर रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे, नवा जन्म झाल्याचे उघड सांगणारे बाप्टिस्ट. रेगन घटस्फोटित, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपात सुलभ करणाऱ्या कायद्यावर सही करणारे. तरी गोऱ्या इव्हँजेलिकलांची बहुसंख्य मते रेगन यांच्याकडे गेली. उमेदवाराच्या चारित्र्यापेक्षा त्याने दिलेला शब्द मोठा मानायची सवय तेव्हापासूनची आहे.

मॉन्टगोमेरी, अलाबामा

ती. आप्पा, सा. न.

अलाबामाच्या विधानभवनाच्या पायऱ्या चढून गेले की खांबांमध्ये पितळेचा एक तारा जमिनीत बसवलेला दिसतो. १८६१ मध्ये जेफरसन डेव्हिस यांनी गुलामगिरीवाद्यांच्या संघराज्याचे अध्यक्ष म्हणून तिथे शपथ घेतली. तिथून काही पावलांवर डेक्स्टर अॅव्हेन्यू बाप्टिस्ट चर्च आहे, लाल विटांचे, बेताच्या आकाराचे. मार्टिन ल्यूथर किंग १९५४ ते १९६० इथे पाळक होते. डिसेंबर १९५५ मध्ये सुरू झालेला बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला, तो चर्चमधल्या सभांच्या, गाण्यांच्या आणि वर्गणीच्या जोरावर.

श्रद्धेचे मुद्दे बरेचसे तेच: बायबल, नवा जन्म, तारण. पण काळ्या चर्चमध्ये निर्गमाची गोष्ट म्हणजे दास्यातून सुटलेल्या लोकांची गोष्ट, आणि तिचा राजकीय अर्थ वेगळा निघतो. डिसेंबर २०१७ मधल्या सिनेटच्या पोटनिवडणुकीत तो आकड्यांत दिसला. रिपब्लिकन उमेदवार रॉय मूर. न्यायालयाच्या इमारतीत त्यांनी दहा आज्ञांची सुमारे २,४०० किलोंची शिळा बसवली होती आणि ती काढायला नकार दिल्याने २००३ मध्ये त्यांचे राज्याचे सरन्यायाधीशपद गेले होते. ऐन निवडणुकीत त्यांच्यावर अल्पवयीन मुलींशी गैरवर्तनाचे आरोप झाले; त्यांनी ते नाकारले. मतदानोत्तर चाचणीनुसार गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ८० टक्के त्यांच्या मागे राहिले. काळ्या मतदारांपैकी ९६ टक्क्यांनी डेमोक्रॅट डग जोन्स यांना मत दिले आणि ते निसटत्या मतांनी जिंकले. एकाच राज्यातले, एकच बायबल वाचणारे शेजारी. मतपेटीपाशी त्यांना वेगळे करणारी रेघ श्रद्धेची नाही, वंशाची आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये याच शहरातल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेत गोठवलेल्या भ्रूणांनाही कायद्याने मूल मानले. सरन्यायाधीशांनी आपल्या सहमतीच्या मतात बायबलचे आधार दिले. राज्यातल्या काही दवाखान्यांनी वंध्यत्वावरचे असे उपचार थांबवले, मुलासाठी आसुसलेली जोडपी हवालदिल झाली, आणि काही आठवड्यांत रिपब्लिकन विधिमंडळालाच दवाखान्यांना संरक्षण देणारा कायदा घाईने करावा लागला.

वॉशिंग्टन डी.सी.

ती. आप्पा, सा. न.

या वाटेचे शेवटचे ठिकाण सर्वोच्च न्यायालय. २४ जून २०२२ रोजी इथे ‘रो’चा निकाल रद्द झाला. मिसिसिपीच्या ज्या कायद्यावरून हे घडले तो घडवण्यात ‘अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम’ या इव्हँजेलिकल वकिलांच्या संस्थेचा हात होता. ‘रो’ रद्द करणाऱ्या पाच न्यायाधीशांपैकी चार कॅथलिक. केनेडींना धर्मावरून नाकारणाऱ्यांच्या नातवंडांनी मते दिली आणि कॅथलिक न्यायाधीशांनी निकाल दिला. प्रतिनिधिगृहाचे सभापती झालेले माइक जॉन्सन सदर्न बाप्टिस्ट आहेत आणि पूर्वी याच वकिलांच्या संस्थेत काम करत होते.

या प्रभावाचे सगळेच फळ कडू नाही. २००३ मध्ये जॉर्ज बुश यांनी आफ्रिकेतल्या एड्ससाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरची योजना आणली, तिच्यामागे इव्हँजेलिकलांचा मोठा रेटा होता आणि तिने लाखो जीव वाचवले. पण २०१६ मध्ये आयोवातल्या एका ख्रिस्ती कॉलेजात ट्रम्प यांनी वचन दिले ते सत्तेचे: मी आलो तर ख्रिस्ती धर्माच्या हाती सत्ता असेल. त्यांनी बरेच पाळलेही. सर्वोच्च न्यायालयावर तीन न्यायाधीश नेमले आणि मे २०१८ मध्ये इस्राएलमधली वकिलात जेरुसलेमला हलवली. त्या समारंभात डॅलसच्या फर्स्ट बाप्टिस्टचे पाळक रॉबर्ट जेफ्रेस यांनी प्रार्थना म्हटली. चर्चने निवडणुकीत पक्ष घेऊ नये, घेतला तर करमाफी जाईल, हा १९५४ चा नियम. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने न्यायालयात भूमिका मांडली की उपासनेला जमलेल्या आपल्या मंडळीपुढे पाळक उमेदवाराबद्दल बोलला तर तो नियमभंग नव्हे.

वेगळे बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागली. सदर्न बाप्टिस्टांच्या नीतिविषयक आयोगाचे प्रमुख रसेल मूर यांनी २०१६ मध्ये ट्रम्प यांना विरोध केला. शंभरावर चर्चांनी वर्गणी रोखली किंवा तशी धमकी दिली, आणि २०२१ मध्ये मूर तो पंथच सोडून गेले. मूर गर्भपाताचे पक्के विरोधक. त्यांचा गुन्हा एवढाच, की चारित्र्याची जी नीती पंथाने बिल क्लिंटन यांना लावली तीच त्यांनी ट्रम्प यांनाही लावली.

पक्षाला या युतीतून मते मिळाली, चळवळीला कायदे आणि न्यायाधीश मिळाले. चर्चने मात्र आपल्याच पक्षाच्या नेत्याला खडसावण्याचा अधिकार घालवला. ब्लँचर्ड आणि किंग यांनी तो जिवापाड जपला होता. माणसेही टिकली नाहीत. ओहोटी राजकारणापासून दूर राहिलेल्या पंथांनाही लागली आहे, त्यामुळे सगळा दोष युतीवर टाकता येणार नाही. पण सत्ता हाती आली म्हणून चर्च भरले नाही, हेही तितकेच खरे. सदर्न बाप्टिस्टांचे २००६ मध्ये १ कोटी ६३ लाख सभासद होते. २०२४ मध्ये ते १ कोटी २७ लाख उरले.